उटी

रेमसिंग पावरा गाडी बघायला आला,
तेव्हा मी आधीच सांगून टाकलं:
हिच्यात कंपनीचं आता फारसं काही नाही.

इंजिन धुळ्याच्या भंगार बाजारातलं,
किलोवर घेतलेलं, नटबोल्टांसकट तोलून.
रेडिएटर ट्रॅक्टरचा.
कमानीत दोन पाटे जास्तीचे,
म्हणून रिकामी असली की उधळते,
दीड टन भरली की शहाण्या सुनेसारखी चालते.
सीट एका मोडलेल्या व्हिडिओ कोचची, मागे रेलते,
पण फक्त क्लीनरच्या बाजूची.
सायलेन्सर वर वळवलाय, उंटाच्या मानेगत,
अनेरच्या फरशीवर एकदा पोटभर पाणी प्यायली,
तेव्हापासून.
तिसरा गिअर सरळ पडत नाही.
न्यूट्रलला आणायचा, पाच मोजायचे.
तोंडानं नाही, मनात.

सलाउद्दीन मिस्तरी हिला फौजदारी डाळ म्हणायचा:
पाच घरच्या डाळी, फोडणी एक.

रेमसिंग काही बोलला नाही.
लांब पेचकस काढला, टोक इंजिनावर टेकवलं,
मूठ कानाला लावली, डोळे मिटले.
मी उगाच घसा साफ केला,
डॉक्टरसमोर करतात तसा.

मग म्हणाला, बुकात रंग पांढरा लिहिलाय.
म्हटलं, हो. बुकात.

का विकता, हे त्यानं शेवटी विचारलं.
चोपड्याची केळी आता कंटेनरात एसी खात जाते, म्हटलं,
आमच्या वाऱ्यावर बसायला तयार नाही.
कंबरेचं नाही सांगितलं.
कंबर काही विकायची नव्हती.

कपाळावर 'हर्षाली' लिहिलंय, ते खरवडून देतो, म्हटलं.
हर्षाली आता सुरतेत हिशेब लिहिते,
घरी आली की गाडीत बसत नाही, वास येतो म्हणते.
राहू द्या, तो म्हणाला,
पेंटर अक्षराचे चाळीस घेतो.

एक लाख अडतीस ठरले.
तीन हजार त्यानं कमीच मोजले,
त्या पाच मोजण्याचे.

गाडी वळली. मागच्या फळीवरची माझीच ओळ
पहिल्यांदा लांबून वाचली:
भरीत गार होतंय, जाऊ दे.
जाऊ दिलं.

धूळ बसली तेव्हा अंगणात दगड दिसला.
तापीतला, काळा, पाटीएवढा,
एका अंगानं टायर घासून तकतकीत.
आणि पोटात धस्स झालं.
हँडब्रेक!
सगळे दोष वाचून दाखवले, तेवढाच राहिला.
लपवला नाही हो. बारा वर्षं दगड होता,
मला तो दोष वाटेनासाच झाला होता.

दगड गोणपाटात बांधला, मोटरसायकलच्या टाकीवर घेतला,
तान्हं पोर घ्यावं तसा.
लासूर गेलं. सत्रासेनचा चढ लागला.
दरी दिसली की आधी खाली बघायचो, मग पुढे.

चढाच्या मध्यावर चहाची टपरी,
टपरीसमोर गाडी उभी, आणि मागच्या चाकाखाली
सातपुड्याचा एक लालसर दगड.

रेमसिंगनं मला पाहिलं, गोणपाट पाहिलं.
शिवी येईल म्हणून मी मान खाली घातली.
त्यानं दोन चहा सांगितले.
आमच्याकडे आहेत की दगड, म्हणाला.
बरेच आहेत.

चहा संपला. मग त्यानं दोन्ही उचलले,
त्याचा आणि माझा,
फाळक्यावरून आत टाकले.
पत्र्यावर पडले तो आवाज
माझ्या पाठीला पाठ होता.

पहिल्या वळणावर गिअर करकरला.
तीनच मोजले होते त्यानं.
दुसऱ्या वळणापर्यंत मी थांबलो.
तिथं नाही करकरला.

लासूरपर्यंत नुसता उतार.
मोटरसायकल बंद करून आलो.